दर्याकाठचं टपाल : रापणीत आलेलं प्लास्टिक

गेल्या अंकात मी आमच्या वाडीतल्या रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याची, हकिकत लिहिली होती. नारळी पौर्णिमेनंतरची पहिली ओढ, दोन्ही दोरांवर मिळून तीस-पस्तीस माणसं, आणि जाळं पुळणीवर, किनाऱ्याच्या वाळूवर, आलं तेव्हा दोन टोपल्या पेडवे मासे आणि चार टोपल्या प्लास्टिक. माझा धाकटा भाऊ त्या ढिगाकडे बघत म्हणाला, "ह्यो कचरो खंयसून (कुठून) येता गो ताय?" तो प्रश्न मी तसाच छापला होता. त्यावर इतकी पत्रं आली की यावेळचं सगळं टपाल त्यालाच देते आहे. मी मालवणजवळच्या गाबतांच्या, म्हणजे मच्छीमारांच्या, घरात वाढले आणि तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. उत्तरं देताना या दोन्हींची मदत झाली.

बाई, माझं दुकान कुडाळला, समुद्रापासून वीस-पंचवीस किलोमीटर आत. किनाऱ्यावर कचरा करतात पर्यटक आणि बोल लागतो आम्हाला. आमच्याकडची पिशवी खरंच समुद्रापर्यंत जाते का? – एक व्यापारी, कुडाळ

जाते. त्या दिवशी टोपल्या पालथ्या करून मी सगळं वाळूवर पसरलं आणि पिशव्यांवरची नावं वाचत गेले. दुधाच्या, फरसाणाच्या, कापडदुकानांच्या. राजापूर निघालं, कणकवली निघालं, आणि दोन पिशव्यांवर कुडाळच्या बाजारपेठेचा पत्ता होता. शीतपेयांच्या पाच-सहा बाटल्या सोडल्या तर पर्यटकांचं म्हणावं असं त्यात फारसं काही नव्हतं.

पिशवी दुकानातून घरी जाते, भाजी काढून घेतली की परसाकडे पडते आणि मे महिनाभर काजीच्या बुंध्याशी, पातेऱ्याखाली राहते. मिरगाचा पहिला जोराचा पाऊस आला की ती गटारात, गटारातून व्हाळात (ओढ्यात), व्हाळातून कर्ली नदीत, आणि कर्लीतून देवबागच्या संगमाला. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. डोंगर आणि दर्या यांच्यात अंतर थोडं, उतार मोठा. आठ महिने साठलेलं सगळं एकाच आठवड्यात खाली येतं. त्या वेळी होड्या वर ओढलेल्या असतात, किनाऱ्यावर कुणी फिरकत नाही, म्हणून ते जाताना दिसत नाही.

२०१५ साली जगभरातल्या १९२ देशांचा एक हिशेब प्रसिद्ध झाला. २०१० या एका वर्षात जमिनीवरून समुद्रात गेलेलं प्लास्टिक ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन, असा तो अंदाज होता. हिशेबात धरलेली माणसं होती किनाऱ्यापासून ५० किलोमीटरच्या आत राहणारी. कुडाळ त्या पट्ट्याच्या आतच येतं. तेव्हा आपण समुद्रापासून लांब राहतो, असं कुडाळकरांनी समजू नये.

आणखी एक. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो, हिवाळ्यात उलटून उत्तरेकडे. म्हणजे आपण जूनमध्ये सोडलेलं गोव्याकडे जातं आणि थंडीत तिकडचं आपल्याकडे येतं. कुणाचा कचरा कुणाच्या दारात, हे भांडण मिटणारं नाही.

पर्यटक करतात तो कचराही खराच, मला त्यांची बाजू घ्यायची नाही. पण डिसेंबरात वाळूत टाकलेली बाटली दिसते, उचलता येते. व्हाळातून गेलेली पिशवी कुणाच्याच हाती लागत नाही. म्हणून माझं मागणं मे महिन्याचं आहे. आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या, तयारीत आपण लाकडं भरतो, सुकी मासळी डब्यात घालतो, कौलं परततो. त्याच आठवड्यात घरामागचा व्हाळ आणि गटार दोन माणसांनी एक सकाळ घालून मोकळं करावं. आणि गोळा केलेलं न्हाणीच्या चुलीत घालू नका. आमच्याकडे घरोघरी अंघोळीच्या पाण्याखाली पिशव्या जळतात आणि तो विषारी धूर चुलीशी बसलेली बाई किंवा म्हातारी आजी आत घेते. पिशव्या धुऊन, सुकवून पंचायतीच्या गाडीत द्या. गाडी येत नसेल तर ग्रामसभेत विचारा, आणि येईपर्यंत विचारत राहा.

बाई, कासव सगळा जन्म समुद्रात काढतं. मग त्याला जेलीफिश आणि पिशवी यांतला फरक का कळत नाही? – इयत्ता सातवी, देवगड

बाळा, तुझा प्रश्न मला फार आवडला, कारण मीसुद्धा कित्येक वर्षं वर्गात अर्धंच उत्तर दिलं. पाण्यात तरंगणारी पांढरी पिशवी जेलीफिशसारखी दिसते, कासव फसतं, एवढंच मी सांगायचे. ते खोटं नाही, पण पुरतं नाही.

समुद्रात पडलेली पिशवी फार दिवस नुसती पिशवी राहत नाही. तिच्यावर आधी जिवाणूंचा बुळबुळीत थर चढतो, मग शेवाळ, मग बारीक जीव. तिला खाण्याचा वास येऊ लागतो. २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी लॉगरहेड जातीच्या पंधरा कासवांवर एक प्रयोग केला. हौदावरच्या हवेत त्यांनी वेगवेगळे वास सोडले: शुद्ध पाण्याचा, कोऱ्या प्लास्टिकचा, खाद्याचा, आणि समुद्रात पाच आठवडे भिजवलेल्या प्लास्टिकचा. पाणी आणि कोरं प्लास्टिक यांकडे कासवांनी लक्ष दिलं नाही. भिजवलेल्या प्लास्टिकचा वास आला तेव्हा मात्र ती खाद्याच्या वासाला करतात तेच करू लागली, नाकपुड्या पाण्याबाहेर काढून हुंगत राहिली. म्हणजे कासव मूर्ख नाही. ज्या नाकाच्या भरवशावर त्याच्या पूर्वजांनी कोट्यवधी वर्षं अन्न शोधलं, त्या नाकाला आपण फसवलं.

आता पिशवी तोंडात गेल्यावर काय होतं ते ऐक. कासवाच्या घशात आतल्या बाजूला वळलेले टोकदार काटे असतात. जेलीफिश निसटू नये आणि गिळलेलं पाणी तेवढं बाहेर टाकता यावं, यासाठी ते असतात. पण त्यामुळे चुकून गिळलेली वस्तूही सहज परत येत नाही. ती आतड्यात अडकते. कधी कासवाला पोट भरल्यासारखं वाटून ते खाणं सोडतं. कधी आत वायू साठतो आणि त्याला बुडी मारता येत नाही, ते वरच तरंगत राहतं आणि होडीच्या पंख्याखाली सापडतं. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी मेलेल्या कासवांच्या नोंदींवरून हिशेब मांडला: पोटात प्लास्टिकचा एक तुकडा असेल तर त्यामुळे मरण्याची शक्यता २२ टक्के, आणि १४ तुकडे असतील तर ५० टक्के. तुमच्या वर्गात एका मधल्या सुट्टीत किती वेष्टनं पडतात ती मोज, म्हणजे १४ हा आकडा किती लहान आहे ते कळेल.

सर्वांत वाईट गत पिल्लांची. आपल्या पुळणीवर अंड्यातून निघालेलं ऑलिव्ह रिडले कासवाचं पिल्लू तुझ्या तळहातात मावतं. ते समुद्रात दूर जातं आणि जिथे दोन प्रवाह मिळतात तिथल्या वाहत्या शेवाळात दडून वाढतं. असा पट्टा तुझ्या बाबांनी किंवा काकांनी होडीवरून पाहिला असेल, पाण्यावर फेसाची लांबच लांब रेघ दिसते ती. जो प्रवाह शेवाळ तिथे आणतो तोच प्लास्टिकही आणतो. म्हणजे पिल्लाचं पाळणाघर आणि आपला उकिरडा एकाच जागी.

बाईंनू, कासव मेलां काय बोल आमकां. तंगूस (नायलॉनचां जाळां) नाय वापरल्यार पोट कसां भरतलां? जाळ्यात कासव गावलां तर जाळां कापूक सांगतत, तां नुकसान कोण भरून देतलो? – एक मच्छीमार, वेंगुर्ल्याकडचे

तुमचा राग मला समजतो, कारण तो आमच्या घरात रोज जेवायला बसतो. भरपाईचं आधी सांगते. २०१८च्या डिसेंबरात राज्य सरकारने योजना काढली. कायद्याने संरक्षित सागरी प्राणी जाळ्यात अडकला आणि त्याला सोडवण्यासाठी जाळं कापावं लागलं, तर जास्तीत जास्त २५ हजार रुपये मिळतात. प्राणी सोडतानाचे आणि कापलेल्या जाळ्याचे फोटो किंवा व्हिडिओ लागतात. म्हणून होडीवर एकाने सुरी घ्यावी आणि दुसऱ्याने मोबाइल. अर्ज कसा करायचा ते मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयात किंवा वनखात्याच्या कांदळवन कक्षात विचारा.

आणि कासव वर आलं तेव्हा हालचाल करत नसेल तर मेलं म्हणून पाण्यात टाकू नका. ते फुप्फुसाने श्वास घेतं, जाळ्यात गुदमरून बेशुद्ध पडतं. पाठीवर उलटं न करता, पोटावरच ठेवा, मागची बाजू वीतभर उंच करा, सावलीत ठेवून अंगावर ओला कपडा टाका. कित्येक कासवं काही तासांनी हलू लागतात. मग इंजिन बंद करून हळूच सोडा.

आता तंगूस. आमचे आजोबा सुती जाळी वापरायचे. ऐनाची साल उकळून त्या काढ्यात जाळं बुडवायचं, सुकवायचं, दर काही दिवसांनी पुन्हा तेच. अंगणभर त्या काढ्याचा वास असे आणि आजीचे हात कोपरापर्यंत तांबडे. नायलॉन आलं तेव्हा आमच्या घरात सुटकेचा श्वास टाकला गेला. ते जाळं कुजत नाही, हलकं, मासळी जास्त. त्या जाळ्यावर माझं शिक्षण झालं, हे मी विसरणार नाही. तेव्हा तुम्ही तंगूस टाकून द्या असं मी कोणत्या तोंडाने सांगू?

पण जे कुजत नाही ते हरवल्यावरही कुजत नाही. तीन वर्षांपूर्वी, माघात, मी भावाबरोबर होडीतून गेले होते. देवबागच्या बाहेर पाण्यावर काहीतरी उचलतंय आणि बुडतंय असं दिसलं. जवळ गेलो तर तंगुसाचा गुंडाळा आणि त्यात कासवाची मादी. पुढच्या डाव्या वल्ह्याभोवती, म्हणजे वल्ह्यासारख्या पायाभोवती, धागा इतका आवळला होता की कातडी कापून हाडापर्यंत गेला होता. भावाने ती होडीवर घेतली, मी सुरीने एकेक धागा तोडला. अर्धा तास लागला. ती गप्प होती, फक्त मधूनच मोठा उसासा टाकायची. सोडली तेव्हा एकाच वल्ह्याने तिरकी तिरकी खाली गेली. ती जगली असेल असं मला वाटत नाही. परत येताना भाऊ तो गुंडाळा हातात घेऊन बसला होता. बोया (जाळं तरंगतं ठेवणारा गोळा) बांधलेली गाठ त्याने मला दाखवली. तशी गाठ आमच्याच वाडीत मारतात. तो काही बोलला नाही, आणि मीही नाही.

नायलॉन समुद्राच्या पाण्याहून जड, म्हणून बोये तुटले की जाळं तळाला जातं. तिथे ते मालकाशिवाय मासे पकडत राहतं. अडकलेल्या माशांवर चिंबोऱ्या येतात, त्याही अडकतात. दोर आणि ट्रॉलची जाळी ज्याची करतात ते प्लास्टिक पाण्याहून हलकं, ते वर तरंगत जातं. प्रशांत महासागरात कचऱ्याचा जो प्रचंड पट्टा फिरतो आहे त्याचं २०१८ साली वजन मांडलं गेलं, तर त्यातला ४६ टक्के भाग मासेमारीच्या जाळ्यांचा निघाला. हा आकडा मी मुद्दाम सांगते, कारण प्लास्टिक म्हटलं की आपल्या लोकांना फक्त पिशवी आठवते.

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती प्रवाळ आहेत, १९८७ पासून तो भाग सागरी अभयारण्य आहे. माझा एक विद्यार्थी तिथे पर्यटकांना पाण्याखाली नेतो. प्रवाळावर बसलेलं जाळं ओढून काढलं तर प्रवाळ मोडतं, आणि ठेवलं तर त्याखालचं मरतं, असं तो सांगतो. म्हणून ते कात्रीने तुकडे तुकडे करून काढावं लागतं. आशिया-प्रशांत भागातल्या १५९ प्रवाळ खडकांची पाहणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. प्लास्टिक नसलेल्या प्रवाळाला रोग असण्याची शक्यता ४ टक्के होती. प्लास्टिक टेकलेल्या प्रवाळाला ८९ टक्के. प्लास्टिक उजेड अडवतं, घासून जखम करतं, जंतू आणतं. आणि प्रवाळ गेलं की त्याच्या आडोशाने वाढणारी तुमची-आमची मासळी जाते.

जाळं कुणी हौसेने हरवत नाही, हे मला ठाऊक आहे. रात्री मोठा ट्रॉलर किनाऱ्याजवळ येतो, मांडलेल्या जाळ्यावरून जातो, आणि सकाळी अर्धंच जाळं हाती लागतं. तो दोष तुमचा नाही, तिथे गस्तच हवी. पण जाळं विणता-सांधताना कापलेले तुकडे होडीवरून पाण्यात टाकले जातात, ते आपण थांबवू शकतो. आमच्या वाडीत आता प्रत्येक होडीवर एक गोणता बांधलेला असतो, सगळं कातरण त्यात. नायलॉन वितळवून पुन्हा वापरता येतं. तेव्हा जुनं जाळं बंदरावर वजनावर विकत घेतलं जावं, ही मागणी मच्छीमार सोसायटीच्या सभेत तुम्ही लावून धरा. जुन्या जाळ्याला चार पैसे मिळू लागले तर ते पाण्यात जाणार नाही.

आम्ही मूळचे आचऱ्याचे, आता डोंबिवलीत. माशांत प्लास्टिक असतं असं ऐकल्यापासून सूनबाई नातवंडांना मासे देत नाही. खावेत की नाही? – एक आजी

आजी, खावेत. पाच मिलिमीटरहून बारीक कणांना मायक्रोप्लास्टिक म्हणतात. उन्हाने आणि लाटांनी पिशव्या, दोर, थर्माकोल फुटून ते तयार होतात, आणि माशांमध्ये ते मुख्यतः पोटात, आतड्यात सापडतात. सुरमई, बांगडा, सौंदाळे आपण पोट साफ करूनच खातो. तिसऱ्या, कालवं, शिणाणे या शिंपल्यांचं वेगळं. ते पाणी गाळून जगतात आणि आपण त्यांना आतड्यासकट खातो. जवळाही तसाच अख्खा पोटात जातो. म्हणून ते सोडा असं नाही, मी स्वतः सोडलेले नाहीत. पण खाडीच्या तोंडाशी जिथे गावाचं गटार येतं तिथल्या तिसऱ्या मी घेत नाही, आणि त्याचं कारण प्लास्टिकपेक्षाही सांडपाणी हे आहे.

हे कण शरीरात किती अपाय करतात याचं पक्कं उत्तर अजून विज्ञानाकडे नाही. २०२४ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी मानेच्या रक्तवाहिनीत साचलेल्या आणि तिथून काढलेल्या चरबीच्या थरात प्लास्टिक शोधलं. २५७ रुग्णांपैकी १५० जणांत ते सापडलं, आणि त्या रुग्णांना पुढे हृदयविकार, पक्षाघात किंवा मृत्यू येण्याचं प्रमाण इतरांच्या साडेचार पट दिसलं. प्लास्टिकमुळेच तसं झालं, हे त्यावरून सिद्ध होत नाही. पण दुर्लक्ष करावं अशीही ती गोष्ट नाही.

मात्र सूनबाईंना एक विचारा. त्याच वर्षी अमेरिकेत बाटलीबंद पाणी तपासलं, तर एका लिटरमध्ये सरासरी २ लाख ४० हजार कण निघाले. मासे बंद केले आणि नातवंडांच्या दप्तरात पाण्याची विकतची बाटली राहिली, गरमागरम जेवणाचा डबा प्लास्टिकचाच राहिला, चहा पिशवीत बांधून आणला, तर काय मिळवलं? स्टीलचा डबा काढा आणि बांगड्याचं तिखलं करा.

कुजणारी, 'पर्यावरणपूरक' लिहिलेली पिशवी समुद्रात विरघळते का? – रत्नागिरी

त्यातल्या बहुतेक पिशव्यांना कुजायला कारखान्यातल्या खतभट्टीची उष्णता लागते. थंड, खाऱ्या पाण्यात त्या इतर पिशव्यांसारख्याच राहतात. कापडी पिशवी घ्या. राज्यात २०१८ पासून आणि देशात १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून टाकायच्या अनेक वस्तूंवर बंदी आहे, तरी बाजारात त्या मिळतात. मागून घेणारे आपणच असतो.

आम्ही मंडळातली पोरं पर्यटन हंगामाआधी आमची पुळण जेसीबीने साफ करणार आहोत. काही सूचना? – देवगड तालुका

जेसीबी नको. ही माझी कळकळीची विनंती आहे. कासवाच्या माद्या नोव्हेंबरपासून पुढे आपल्या किनाऱ्यांवर चढतात, हातभर खोल खड्ड्यात शंभराच्या आसपास अंडी घालतात आणि वाळू लोटून जातात. पिल्लं बाहेर यायला दीड-दोन महिने लागतात. वरून काही दिसत नाही. यंत्राच्या एका फेरीत घरटं चिरडतं. यंत्र वाहून आलेलं शेवाळही उचलतं, आणि त्यावर जगणारे बारीक जीव जातात, ज्यांच्यावर पाखरं जगतात.

हाताने करा. उधाणाच्या दुसऱ्या दिवशी, ओहोटीला. भरतीची सर्वांत वरची रेघ धरून चाला, कचरा तिथेच साठलेला असतो. शेवाळ आणि लाकडं राहू द्या. प्लास्टिकच्या पिशव्यांत भरू नका, गोणपाट न्या. थर्माकोलचा चुरा हाताने निघत नाही, त्याला बांधकामाची वाळू चाळायची चाळण लागते. दोर आणि जाळी वेगळी ठेवा, वर सांगितलं त्यासाठी. आणि पिशव्यांवरची नावं वाचून वहीत लिहून ठेवा, मला ती हवी आहेत.

वाळूवर ट्रॅक्टरच्या चाकासारखी उमटलेली पावलं दिसली, किंवा जखमी, मेलेलं कासव दिसलं, तर हात न लावता वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. कोण कुठून आलेलं असेल सांगता येत नाही. जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या वल्ह्यावर बिल्ला होता. तो तिला २०२१ मध्ये ओडिशात, गहिरमाथ्याच्या किनाऱ्यावर लावला होता. अख्खा हिंदुस्थान वळसा घालून ती आपल्या वाळूत आली.

तुमचा दिवस ठरला की कळवा. मी येते, चाळण आणि गोणपाट माझ्याकडे आहेत.